पहिला ट्रेक, दुखरी टाच आणि टळणाऱ्या फजित्या

सह्याद्रीत पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या ज्या गमती गटात वर्षानुवर्षं सांगितल्या जातात, त्या बहुतेक घरूनच निघालेल्या असतात. बुटाचा तळवा खिंडीत गळून पडतो, पण तो कुजलेला असतो घरच्या माळ्यावर. पँट कातळावर फाटते, पण ती जीन्स आदल्या रात्री कपाटातून हौसेनं काढलेली असते. डोंगर त्यात निमित्तमात्र. म्हणून ही तयारी पायथ्याच्या गावापासून न सांगता दोन महिने आधीपासून सांगतो. ऑफिसात बसून काम करणारे, चाळिशीच्या पुढचे, वजन थोडं वाढलेले आणि 'एकदा कळसूबाईला जायचंच' असं मनात धरलेले लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांनी जावं, आणि हसतखेळत परत यावं, असं मला मनापासून वाटतं.

दोन महिने आधी: टाचेची चौकशी

सकाळी उठल्यावर पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते का? दहा-वीस पावलं चाललं की ती कमी होते आणि संध्याकाळी बराच वेळ उभं राहिल्यावर पुन्हा डोकं वर काढते? तसं असेल तर ट्रेकची तयारी तिथूनच सुरू करायची.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. एकाएकी जास्त चालणं, वाढलेलं वजन, सपाट झिजलेली चप्पल आणि आखडलेल्या पोटऱ्या यांमुळे टाचेपाशी त्याच्यावर ताण येतो. डॉक्टर याला प्लँटर फॅसायटिस म्हणतात. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की माणसं घाबरून जातात, पण तसं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेमध्येही सापडतं. बहुतेकांचं हे दुखणं व्यायामानं काही महिन्यांत आटोक्यात येतं. मात्र आठवडाभर व्यायाम करून सोडून दिला तर काही उपयोग नाही.

रोज करायचं ते असं. पलंगावरून उतरण्याआधी पाय सरळ पसरा, पंचा तळपायाखालून घालून चवड्याला अडकवा आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. अर्धा मिनिट धरून ठेवा, मग सोडा. असं तीनदा, आणि मगच पाय जमिनीवर. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ठेवून, मागच्या पायाची टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणायची. संध्याकाळी फ्रीजरमधून पाण्याची गोठलेली बाटली काढायची, तिच्यावर रुमाल गुंडाळायचा आणि खुर्चीत बसून तळपायाखाली दहा मिनिटं मागे-पुढे फिरवायची. या बाटलीवरून घरात गोंधळ हमखास होतो. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी तीच बाटली पाहुण्यांच्या सरबतासाठी बाहेर काढली होती. बाटलीला रंगीत दोरा बांधून ठेवा.

दुखणं थोडं उतरलं की पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करायचा व्यायाम सुरू करा. बोटांखाली पंचाची गुंडाळी ठेवायची, वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबायचं आणि तीन सेकंदांत खाली यायचं. एक दिवसाआड बारा वेळा पुरे. हा व्यायाम सावकाशच करायचा असतो, त्यातच त्याचा गुण आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांमधली. फरशीवर, संगमरवरावर दिवसभर अनवाणी वावरणं दुखऱ्या टाचेला फार जड जातं. घरात चप्पल चालत नसेल तर फक्त घरात वापरायचा मऊ तळाचा वेगळा जोड ठेवा. तो उंबऱ्याबाहेर जात नाही हे एकदा आजींना पटलं की प्रश्न मिटतो.

टाच रात्री झोपेतही ठणकत असेल, सुजली असेल, लाल किंवा गरम लागत असेल, तळपायाला मुंग्या येत असतील किंवा दोन महिने नेमानं व्यायाम करूनही काहीच फरक नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असलेल्यांनी तर ट्रेक ठरवण्याआधीच पाय तपासून घ्यावेत. त्यांना तळपायाची संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळतही नाही.

बूट

बूट संध्याकाळी विकत घ्यायचे. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि डोंगरावरही फुगणारच आहेत. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे दुकानात घेऊन जा. बूट घालून उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि टाच उचलली जाता कामा नये. मग दुकानाचा जिना उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटत असतील तर तो जोड कितीही देखणा असला तरी परत द्या. बोटांपुढे जागा कमी असलेल्या बुटात गड उतरला की अंगठ्याचं नख काळं पडतं, आणि ते नवीन येईपर्यंत महिनोन्महिने वाट बघावी लागते.

महागच बूट लागतात असं नाही. सह्याद्रीतल्या कित्येक जुन्या भटक्यांनी 'ॲक्शन ट्रेकिंग'च्या साध्या बुटांवर गड पालथे घातलेत. पकड महत्त्वाची. तळव्याचे खाचे खोल हवेत आणि रबर फार टणक नको. सपाट तळाचे धावण्याचे मऊ बूट ओल्या कातळावर सरळ घसरतात.

नवे बूट थेट गडावर न्यायचे नाहीत. निदान दोन आठवडे ते भाजी आणायला, दळण टाकायला, ऑफिसला घालून जा. शेजारी विचारतील, विचारू द्या.

आता जुन्या बुटांबद्दल. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू तुटत जातो, आणि न वापरता ठेवलेल्या बुटांत तर हमखास. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पाच-सहा वर्षं माळ्यावर पडलेले बूट वरून कोरे करकरीत दिसतात आणि चढाच्या पहिल्या तासाभरात त्यांचा तळवा अख्खाच्या अख्खा निघून येतो. आमच्या गटातल्या एका काकांचा एक तळवा धनगरवाड्यापाशी गेला आणि दुसरा टाक्यापाशी. उरलेला गड त्यांनी बुटांना सुतळीचे वेढे मारून केला. वाटेत भेटलेल्या एका धनगर आजोबांनी थांबून, ती सुतळी सोडून पुन्हा नीट, पावलाच्या मधोमध आणि घोट्यामागून फिरवून बांधून दिली. तेव्हाच ती टिकली. घरी तपासायची रीत सोपी आहे: बूट दोन्ही हातांनी जोरात वाकवा आणि तळव्याच्या बाजूच्या थरावर अंगठ्याचं नख दाबा. भेग दिसली किंवा भुगा पडला तर तो जोड बाद. सॅकमध्ये थोडी सुतळी आणि चिकटपट्टीचा छोटा रोल कायम असू द्या.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम शोषतो, ओला राहतो आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या, वर एक जादा जोड सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत.

जिने चढा, पण उतरण्याकडे जास्त लक्ष द्या

नवखे लोक दम वाढवायच्या मागे लागतात. दम लागला तर थांबता येतं, श्वास दोन मिनिटांत जागेवर येतो. मांड्यांचं तसं नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन अडवत असतात. ही सवय नसलेल्या स्नायूंना बारीक इजा होतात आणि त्यांचं दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. यावरचा उपाय फार स्वस्त आहे. ट्रेकच्या दहा-बारा दिवस आधी एकदा तरी नीट उतरण्याचा सराव करायचा. स्नायू त्या एका सरावातून शिकतात आणि पुढचे काही आठवडे त्यांना तेवढी इजा होत नाही.

त्यासाठी लांब जायची गरज नाही. पुण्यात पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. नाशकात पांडवलेणी, साताऱ्यात अजिंक्यतारा. यांतलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीचा जिना. लिफ्टनं खाली येऊ नका, सराव उतरण्यातच आहे. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या. टाच दुखायला लागली तर त्या दिवशी थांबायचं. दुखण्यावर मात करून दाखवायची ही जागा नव्हे.

कुठला डोंगर

समाजमाध्यमांवर दिसतो तो नको. हरिहरच्या कोरीव पायऱ्या आणि कलावंतीणचा सुळका फोटोत छान दिसतात, पण उतरताना तिथं नवख्याचे पाय लटपटतात आणि मागे रांग उभी असते. अलंग-मदन-कुलंगला दोर आणि जाणकार लागतात, तो विषय आत्ता नाहीच.

पहिला ट्रेक म्हणून मी लोहगड सुचवेन. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, भाजे लेण्यांवरून गायमुख खिंडीत यायचं आणि तिथून पायऱ्यांनी वर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकापुढे एक चार दारं पार करत गडावर पोचलात की विंचूकाटा माचीपर्यंत सपाटीचं चालणं. लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'मराठा लष्करी भूप्रदेशा'च्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून गेला आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. शनिवारी पहाटे निघा. पुणेकरांना दुसरा चांगला पर्याय म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड. तिथं दर आठवड्याला चढणारी सत्तरीतली माणसं भेटतात, त्यांच्या चालीकडे बघून बरंच शिकता येतं. ती कधीच घाई करत नाहीत आणि कधीच बसत नाहीत. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहे. दही उतरायच्या आधी थोडंच खा.

कळसूबाई दुसरा किंवा तिसरा ट्रेक असू द्या. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातून आठशे-नऊशे मीटर चढावं लागतं, सावली फारशी नाही, लोखंडी शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी गर्दी तुंबते.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा नियम सांगितला: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. कळसूबाईला हा नियम लावला तर नुसत्या उंचीचाच जवळपास दीड तास होतो, त्यात चालायच्या अंतराचा वेळ मिळवून एकूण आकडा येतो. नवख्यांच्या गटानं या आकड्याची दीडपट धरावी. त्यात खाणं, फोटो आणि 'थांबा रे जरा' सगळं आलं. आलेला वेळ उलटा मोजून परतीची वेळ पायथ्याशीच ठरवा. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं.

आदल्या रात्री

पायांची नखं सरळ कापा, कोपरे गोल करू नका. हे ट्रेकच्या सकाळी नको, आदल्या रात्री किंवा एक दिवस आधीच.

जीन्स नको. ती भिजली की जड होते, मांडीला घासते, आणि घसाऱ्याच्या वाटेवर लोक हमखास बुड टेकवून उतरतात तेव्हा मागची शिवण दगा देते. मग बिचारा गडी कमरेला जर्किन बांधून लोकलमध्ये भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि बसायला जागा मिळाली तरी बसत नाही. सैलसर ट्रॅकपँट घाला. चार सेफ्टी पिना सॅकच्या पट्ट्याला लावून ठेवा, त्या कुणाच्या ना कुणाच्या कामी येतात.

गटाचं सामान वाटून घेताना कागदावर नावं लिहा. नुसतं 'सगळ्यांनी थोडं थोडं आणा' म्हटलं की काय होतं ते मी पाहिलंय. गडावर सॅक उघडल्यावर कांदे ढीगभर निघाले, बटाटे निघाले, तीन जणांनी चहा पावडर आणली होती, आणि काडेपेटी एकाकडेही नव्हती. शेवटी गडावरच्या दुसऱ्या गटाकडून विस्तव आणला आणि बदल्यात त्यांना कांदे दिले.

प्रत्येकाच्या सॅकमध्ये हे हवंच: दोन ते तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं किंवा लिंबू-मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, नेहमीची औषधं. पावसाळ्यात सॅकच्या आत मोठी प्लॅस्टिक पिशवी घालून सगळं तिच्यात. बाहेरून घातलेलं कव्हर वाऱ्यानं उडतं. जड सामान पाठीला चिकटून, मध्यावर. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च धरू नका. त्या फोनवरून मदतीसाठी ११२ ला फोन करायची वेळ आली तर बॅटरी शिल्लक हवी.

आणि पेनकिलरची गोळी 'आधीच घेऊन ठेवली म्हणजे दुखणार नाही' असं करू नका. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात, आणि न दुखणारा पाय आपल्याला थांबायला सांगत नाही.

चढताना

पहिला अर्धा तास इतक्या सावकाश चाला की बोलता येईल. बोलताना वाक्य तुटत असेल तर चाल जास्त आहे. पाऊल लहान, पूर्ण तळवा टेकवून. तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी पीत राहा.

टाचेत किंवा बोटापाशी चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं. हे एवढं एक जरी पाळलंत तरी निम्मा त्रास वाचतो. नवखी माणसं इथं संकोच करतात. आपल्यामुळे सगळे थांबतील म्हणून गप्प चालत राहतात, आणि वर पोचेपर्यंत टाचेला रुपयाएवढा फोड आलेला असतो. बूट काढा, पाय पुसून कोरडा करा, चुरचुरणाऱ्या जागेवर कागदी चिकटपट्टी सपाट, सुरकुती न पडता लावा, मोजा सरळ करा. पाच मिनिटांचं काम आहे. फोड आलाच तर फोडू नका. त्यावरची कातडी हेच उत्तम बँडेज आहे.

पोटरीत गोळा आला तर गटातले सगळे धावून येतात. एक जण अंगठा ओढतो, दुसरा मांडी चोळतो, तिसरा केळं भरवतो. करायचं एवढंच: पाय सरळ, चवडा नडगीकडे ओढून धरायचा, गोळा सुटेपर्यंत. मग पाणी, मीठ-साखर आणि दहा मिनिटं विश्रांती.

माकडांसमोर खाऊची पिशवी काढू नका. त्यांना प्लॅस्टिकची चुरचुर लांबून ऐकू येते. एका ताईंच्या हातून थालीपिठांचा अख्खा डबा गेला, आणि माकडानं झाकण व्यवस्थित उघडून, वर लोणच्याची पुडी बाजूला टाकून खाल्लं. खाणं सॅकमध्ये, सॅक पाठीवर किंवा मांडीवर. हिसकलं तर ओढाताण करायची नाही, चावा महागात पडतो आणि रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

पावसाळा संपला की वाटेच्या कडेला वेलींवर तपकिरी, मखमली शेंगांचे घोस लोंबायला लागतात. हात लावावासा वाटतो. लावू नका, ती खाजकुयली. तिची कुसं वाऱ्यानंही अंगावर येतात आणि माणूस अक्षरशः नाचतो. खाजवलं की ती आणखी आत रुततात आणि हाताबरोबर मानेवर, तोंडावर पोचतात. चिकटपट्टी कातडीवर दाबून उपटा, नवा तुकडा घेऊन पुन्हा तेच. मग पाण्यानं धुवा. कपडे घरी वेगळे भिजवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरातले बाकीचे नाचतील.

इथं एका गोष्टीत अजिबात गंमत नाही. कड्याच्या खाली लोंबणारी आग्या मोहोळाची पोळी दिसली तर आवाज बंद, धूर नाही, अत्तर-डिओ नाही, दगड तर नाहीच. माशा उठल्याच तर डोकं-तोंड कापडानं झाकून, झाडीतून, जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. पाण्यात उडी मारायची नाही. सह्याद्रीत या माशांमुळे जीव गेले आहेत.

'हे काय, इथंच'

गावात वाट विचारल्यावर 'हे काय, इथंच, दहा मिनिटं' असं उत्तर मिळालं तर पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. सांगणाऱ्याची दहा मिनिटं खरीच असतात. तो त्या वाटेनं डोक्यावर लाकडं घेऊन रोज जातो. आपल्याला तासभर लागतो. म्हणून 'किती लांब' असं न विचारता 'वाटेत काय काय लागतं' असं विचारा. 'आधी आंब्याचं झाड, मग ओढा, ओढा उजव्या हाताला ठेवून वर' हे उत्तर घड्याळापेक्षा फार उपयोगी असतं. शक्य असेल तर गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे निघण्याआधी मोकळेपणानं ठरवा.

ढोरवाटांनी भल्याभल्यांना फिरवलंय. गुरं चरत चरत जातात, त्यामुळे त्यांच्या वाटा उतारावर आडव्या, एकमेकींना समांतर, अनेक फाटे फुटलेल्या असतात आणि शेवटी गवतात किंवा पाण्यापाशी संपतात. माणसांची वाट एकच असते, तिच्यावर दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात, आणि, सांगायला वाईट वाटतं, पण बिस्किटांची वेष्टनं पडलेली असतात. दहा मिनिटांत अशी कुठलीच खूण दिसली नाही तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या. पुढे कुठेतरी मिळेल म्हणून रेटत जाणारेच अंधारात अडकतात.

उतरताना

उतरायला लागण्याआधी बसा आणि बुटांच्या नाड्या नव्यानं बांधा. बोटांकडे सैल, घोट्याकडे घट्ट. सर्वांत वरच्या जादा भोकातून नाडी त्याच बाजूला परत आत घालून एक छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे जखडली जाते, बोटं पुढे आपटत नाहीत.

गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड, नजर दोन पावलं पुढे. सुटी माती आणि बारीक खडीच्या घसाऱ्यावर थोडं तिरकं चाला. मागे रेलून टाचांवर उतरलं की पाय पुढे निसटतो आणि माणूस खाली बसतो. वजन पावलांच्या वर ठेवलं तर पकड येते. हातात काठी असेल तर ती आधी टेकवा, मग पाऊल. शेवाळलेल्या काळ्या कातळावर काठी, बूट काहीच नीट धरत नाही, तिथं सरळ हात टेका. लाजायचं काही कारण नाही.

पाय मुरगळलाच तर आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे गरम तेलानं मालीश आणि कुणीतरी जाणकार 'झटका देऊन बसवतो'. दोन्ही करू नका, पहिले दोन-तीन दिवस तर नाहीच. डोंगरावर असाल तर बूट काढायची घाई करू नका. सूज वाढली की तो परत चढत नाही. बुटाच्या वरूनच घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं क्रेप बँडेज घट्ट, पण बोटं बधिर होणार नाहीत इतपत बांधा. मग उभं राहून चार पावलं टाकून बघा, लंगडत का होईना. ती टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढेपर्यंत हाड मोडलंय असंच समजून वागा. खाली आल्यावर पाय उंचावर ठेवून रुमालातून बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं.

घरी आल्यावर

ट्रेक शनिवारी ठेवा, रविवार मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक वाटतं, आणि दुपारनंतर जिना दिसला की मांड्या आठवण करून देतात. रेल्वेचा पूल आडवा, कठड्याला धरून, खेकड्यासारखा उतरणारी माणसं सोमवारी दादर-ठाण्याला दिसतात, त्यांतली काही आदल्या दिवशी गडावर होती. देशी पद्धतीच्या संडासात बसणं-उठणं हीच त्या दोन दिवसांतली खरी चढाई. दाराची कडी भक्कम आहे का ते बघून घ्या.

पूर्ण झोपून राहू नका. वीस मिनिटं सपाटीवर हळू चाला, पोटऱ्या हलक्या हातानं ताणा, पाणी भरपूर प्या, जेवणात डाळ-उसळ-अंडी असू द्या. गरम पाण्यात पाय सोडून बसायला हरकत नाही, बरं वाटतं. मुरगळलेला पाय मात्र त्यात घालू नका. तीन-चार दिवसांत दुखणं ओसरायला हवं. स्नायू सुजून टणक झाले आणि लघवी कोलासारख्या गडद रंगाची झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. अतिश्रमानं स्नायू तुटून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असू शकते.

बूट धुऊन आत जुनं वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला, सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर चिकटवलेले जोड सुटतात. पुढे दर पंधरवड्याला एकदा ते घालून बाहेर जा.

दुसरा ट्रेक दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या काळात पंचाचा आणि पायरीचा व्यायाम चालूच ठेवायचा. लोहगड नीट झाला असेल तर पुढचा राजमाची, लोणावळ्याहून. चढ कमी, पण चालणं लांब, पायांची चांगली परीक्षा होते. त्यानंतरही टाच शांत असेल तर डिसेंबरच्या थंडीत, आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे पाचला बारी गावातून कळसूबाईकडे निघा. शिड्या रिकाम्या मिळतील.